दुसरी पुरचुंडी

सकाळी सुनेनं कुळीथ भाजले आणि त्या वासानं मी थेट बोटीवर जाऊन पोचलो. आमची ही जाऊन आता पाच महिने झाले.

गोरे देश सोडून गेले तरी सफरीच्या बोटीवर गोरेच असायचे. मी खाली त्यांची भांडी घासायचो. तळ्याकडचा, आमच्याच वाडीतला पांडू बरोबर होता. त्या दिवशी चहूकडे नुसतं पाणी, वर साहेबांचा बँड चाललेला, आणि पांडूनं पेटी उघडली तर आत हिच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी. वास कुळथाच्या पिठीचा. मला दिलेली पिठी मी आठवड्यात संपवली होती. माझं डोकंच फिरलं.

"माझ्या बायकोचं लुगडं तुझ्या पेटीत कसं रे?"

"वैनीनं दिलंय. म्हनाली, त्यांना धीर न्हाय, सगळी एकदम खातील. पंधरा दिस झाले की द्या. आज तेरावा हाय."

"मग दे आत्ताच."

"न्हाय. शबूद दिलाय."

दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पुरचुंडी हातात आली. गाठ हिचीच होती, कुणी सोडलेली नव्हती.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "दुसरी मिळाली ना?"

"मिळाली," म्हटलं. संशय घेतला होता, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता सुनेकडे, शेजाऱ्यांकडे पांडूच्या पेटीकडे बघावं तसा टक लावून बघतो. एवढी तजवीज करणारी बाई जाताना कुणापाशी तरी काहीतरी ठेवून गेलीच असेल.