एका हरवलेल्या तुकड्याची अठ्ठावीस मिनिटं

मंगळवारी दुपारी बारापर्यंत मावला गावातल्या आमच्या घरून साठपैकी फक्त अकरा जीबी गेले होते. पाठवणं सव्वादहाला सुरू झालं होतं. फायबरची लाइन नवी, हजार एमबीपीएसची. हिशेबानं हे दहा मिनिटांचं काम.

फाईल माझ्या धाकट्या बहिणीची होती. ती घरी बसून व्हिडिओ संपादन करते. अमेरिकेतल्या एका कंपनीनं तिला चाचणी म्हणून एक माहितीपट दिला होता. तो संध्याकाळी सहापर्यंत पोचला तर वर्षभराचं काम तिला, नाही तर दुसऱ्या कुणाला. चालू वेगानं तो रात्री आठच्या सुमारास पोचणार होता.

सव्वाबाराला लाइनवाला आला. त्यानं वेग मोजला, नऊशेच्या वर भरला.

"लाइन में कुछ नहीं है, भाई. अपने कम्प्यूटर से पूछो."

संगणकाच्या सेटिंगमध्ये एक ओळ सापडली. पाठवण्याचा वेग कसा सांभाळायचा, त्याचा जुना नियम तिथे लिहिलेला होता. फाईल लहान लहान तुकड्यांनी जाते. वाटेत एक तुकडा हरवला की हा नियम पुढे गर्दी आहे असं धरतो आणि वेग निम्मा करतो. मग तुकडे अमेरिकेत पोचून पोच परत आली की एकच तुकडा वाढवतो. आमच्या लाइनवर अशा एका फेरीला सेकंदाचा पाचवा भाग लागत होता. मी कागदावर हिशेब केला. पूर्ण वेगावरून एकदा निम्म्यावर आलं की परत वर चढायला सुमारे अठ्ठावीस मिनिटं. तुकडा तर दर अर्ध्या मिनिटाला हरवत होता.

आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा केला. तोच आला.

बाबा कापसाच्या मार्केट यार्डात फाटकावर नोकरीला होते. त्यांना मी हे सांगितलं.

"म्हंजे एक गाडी अडकली का अर्ध्या गाड्या मांगं, अन् मंग एकेक सोडून राह्यला?" बाबा म्हणाले. "एक वजनकाटा होता तवा आमी असंच करत होतो. काटे वाढले, मंग कोन एकेक सोडते? अंगन रिकामं, अन् गाड्या सडकेवर उभ्या!"

"दादा, हे कोनं लिवलं?" बहिणीनं विचारलं.

"मी."

जुनी लाइन मंद होती आणि शेजारच्या किराणा दुकानाशी वाटून घेतलेली. दुकानाचं काम अडू नये म्हणून मी तेव्हा हा नियम निवडला होता. नवा संगणक घेतल्यावर जुन्या सेटिंग जशाच्या तशा उतरवल्या.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा जुना फाटकवाला आपल्याच घरात निंगाला." ती हसली नाही.

वेगवान लाइनसाठी केलेला नियम त्याच संगणकात होता. तो निम्म्याऐवजी थोडंच मागे येतो आणि आधीच्या वेगाजवळ झपाट्यानं परत जातो. मी हात लावला नसता, तर संगणकानं आपण होऊन तोच वापरला असता.

ओळ बदलली. बारा चाळीसला, जिथे थांबलं होतं तिथून पाठवणं पुन्हा सुरू झालं. तुकडे अजूनही हरवत होते, म्हणून काम दहा मिनिटांत झालं नाही, पण दोन वाजून बावन्न मिनिटांनी पलीकडून पोच आली. साठ जीबी, पूर्ण.

करार शुक्रवारी आला. बहिणीनं अकरा वाजून पाच मिनिटांनी त्यावर सही केली.