आतून लागणारी कडी

नगरपालिकेतल्या शोकसभेत तिथले साहेब म्हणाले, "बाई अत्यंत शांत आणि मनमिळाऊ होत्या." मी टेबलावरचा फोटो पुन्हा नीट पाहिला. फोटो तर आमच्या फौजदारचाच होता!

शांत म्हणे! कॉलेजात आम्ही तिला फौजदार म्हणायचो ते काय उगाच? आमच्या प्रयोगशाळेच्या इमारतीत मुलींसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. आम्ही मुकाट्याने दिवसभर पाण्याला शिवायचो नाही. ही मात्र एक दिवस मला दाराशी उभं करून सरळ प्राध्यापकांच्या स्वच्छतागृहात शिरली. प्राचार्यांनी जाब विचारला, तर म्हणाली, "सर, आमची सोय करा, नाहीतर रोज येईन." आणि खरंच रोज गेली. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत आमची सोय झाली.

पुढे ती नगरपालिकेत अभियंता झाली. बाकीच्यांनी पूल मागून घेतले, हिने स्वच्छतागृहं. कंत्राटदार चकचकीत फरशी दाखवू लागला, की ही आत जाऊन आधी कडी लावून बघायची, मग पिशवी अडकवायला खुंटी शोधायची. नसली, की बिल अडकलंच. "तुमची बायको या ओल्या फरशीवर पर्स ठेवेल का हो?" असं तोंडावर विचारायची. बदल्या झाल्या, बढती हुकली, पण बाई बधली नाही. फौजदारबाई हे नाव ऑफिसात रुळलं, बाजारातही रुळलं.

शेवटी साहेबांनी जाहीर केलं, की तलावाकाठच्या बागेला तिचं नाव देणार. तिची धाकटी बहीण ताडकन उठली. "ताई त्या बागेत कधी फिरकलीसुद्धा नाही. नाव द्यायचंच तर बाजारातल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला द्या. त्याच्यासाठी ती जन्मभर भांडली."

सभेत खुसखुस झाली. साहेब कानकोंडे झाले. "अहो, तिथे नाव? बरं दिसतं का ते?"

माझं डोकंच फिरलं. "तिच्या कामाची लाज तुम्हाला वाटते, साहेब. तिला कधी वाटली नाही. बाग तुमच्याच नावाने राहू द्या!"

त्या स्वच्छतागृहाला तिचं नाव द्यावं, असा अर्ज तिच्या बहिणीने आणि मी केला; तो फेटाळला गेला. आम्ही दोघींनी पुन्हा केलाय, आणि पाटी लागेपर्यंत करत राहणार. अशा भांडणात ती शेजारी नाही, याचं फार वाईट वाटतं.

परवा बाजारात गेले होते. भाजी मोजता मोजता भाजीवाली उठली, स्वच्छतागृहाकडे वळली आणि शेजारणीला म्हणाली, "टोपली बघ गं जरा, फौजदारबाईंकडे जाऊन येते."