आमच्या रापणीचा पेपर

पेपर एकच, तोही सहा पानांचा. तो जर्नलमध्ये छापून यायला सव्वादोन वर्षं लागली आणि तेवढ्यात किस्से इतके साठले की ते छापायचे तर वेगळं जर्नल काढावं लागेल. आम्ही जुन्या मैत्रिणी जमलो की कोणीतरी म्हणतंच, "सुजा, ते टीचरचं सांग ना." मग एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि समोरचा चहा गार होतो. म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

आधी माणसं सांगते. मालवण तालुक्यातल्या एका कॉलेजात मी झूऑलॉजीत पीएच.डी. करत होते. लॅबमध्ये माझ्या बाजूच्या टेबलावर फिलोमिना, म्हणजे आमची फिलू. तिचा विषय खेकडे. आमचे गाइड एकच, त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो. आणि किनाऱ्यावर बापू, रापणीचे तांडेल, म्हणजे प्रमुख.

रापण म्हणजे लांबलचक जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांच्या रश्या किनाऱ्यावर येतात आणि तीस-चाळीस माणसं मिळून ते ओढतात. विकायच्या मासळीबरोबर त्यात जी बारीक पिल्लं येतात, तो माझा विषय. त्यासाठी मी दर आठवड्याला बापूंच्या रापणीवर हजर असायचे.

आता नियम असा की प्रबंध जमा करायचा तर एक पेपर जर्नलने स्वीकारलेला हवा. माझ्या रजिस्ट्रेशनची मुदत संपत होती मे अखेरीस, आणि मुदतवाढ आधीच दोनदा घेऊन झालेली. मे उलटला की सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे पुढचं वाचताना तुम्ही खुशाल हसा, मला तेव्हा अजिबात हसू येत नव्हतं. उलट जो समोर येईल त्याच्यावर मी खेकसत होते.

*

सुरुवात झाली सरांना आलेल्या एका ईमेलने. 'परमआदरणीय प्रोफेसर, आपल्या थोर संशोधनाने आम्ही दिपून गेलो आहोत, आपला पुढचा पेपर आमच्याच जर्नलला द्यावा.' एवढ्या वर्षांच्या नोकरीत सरांना कोणी थोर म्हटलं नव्हतं, घरी तर नाहीच. त्यांनी त्याची प्रिंट काढून नोटिस बोर्डावर लावली.

मला जर्नलचा वास बरा येईना. फिलू म्हणाली, "थांब गो, आधी माझो खेकड्यांचो पेपर धाडून बघतंय." तिने घाईघाईत फाइल जोडली आणि पाठवली. अकरा मिनिटांत उत्तर आलं. पेपर स्वीकारला! 'माहिती समृद्ध आहे, मांडणी शास्त्रशुद्ध आहे, फक्त काही ताजे संदर्भ जोडावेत.'

सर आनंदाने उभेच राहिले. फिलूने पाठवलेली फाइल उघडून पाहिली तर ती खेकड्यांची नव्हतीच. तिच्या भावाच्या लग्नाला बोलवायच्या पाहुण्यांची यादी होती. ती जराही बावरली नाही. "बरोबर आसा तेंचा," म्हणाली, "बांद्याच्या आंटीचा नाव घालूचा रवला हा."

सरांनी बोर्डावरची प्रिंट कधी काढली ते कोणी पाहिलं नाही.

*

मग आम्ही खऱ्या जर्नलकडे गेलो. तिथे पेपर दोन रिव्ह्यूअरांकडे तपासायला जातो. ते कोण, कुठले, हे आपल्याला कधीच कळत नाही. पत्रात नुसतं एक नंबर आणि दोन नंबर. तीन महिन्यांनी पहिलं पत्र आलं. एक नंबरचं म्हणणं असं की विषय चांगला आहे, पण इंग्रजी एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या.

जाणकार म्हणजे फिलूची तीच बांद्याची आंटी, तेरेझा टीचर. अर्धं बांदा त्यांच्याकडे इंग्रजी शिकलेलं. मी एसटीने जाऊन कागद देऊन आले. चार दिवसांनी परत मिळाले ते लालेलाल. खाली पंचवीसपैकी चौदा मार्क आणि शेरा, 'अक्षर सुंदर'. पेपर टाइप केलेला होता, पण टीचरना कोण सांगणार? मी वाकून नमस्कार केला आणि केळ्याच्या हलव्याची वडी खाऊन परतले.

टीचर मनाने फार हळव्या. मी लिहिलं होतं, 'जाळं वर आल्यावर पिल्लं काही मिनिटांत मेली.' त्यांना ते फार कठोर वाटलं. त्यांनी केलं, 'त्या चिमुकल्यांनी आईच्या कुशीबाहेर अखेरचा श्वास घेतला.' असं सहा ठिकाणी. मी मुदतीच्या धसक्यात होते, स्पेलिंगं तेवढी बघितली आणि पाठवून दिलं.

एक नंबरचं उत्तर आलं. 'भाषेत मोठी सुधारणा आहे. मात्र लेखक दुःखात असावेत असे वाटते. त्यांना सावरायला हवा तेवढा वेळ द्यावा.'

वेळच तर नव्हता.

*

दोन नंबर मात्र हाडाचा वाईट. त्याने पहिल्या तक्त्यावरच बोट ठेवलं. 'दर शुक्रवारी नमुने घेतले म्हणता, मग फेब्रुवारीतले दोन शुक्रवार कोरे का?'

कोरे होते कारण आंगणेवाडीची जत्रा होती. आमची अख्खी रापण तिकडे मसुऱ्याला गेलेली, एका शुक्रवारी तयारीला, दुसऱ्या शुक्रवारी जत्रेला. या जत्रेची तारीख कॅलेंडरात नसते, देवीचा कौल मिळाला की ठरते. मुंबईच्या चाकरमान्यांना तिकिटं काढता येत नाहीत, तिथे आम्ही सॅम्पलिंगचं काय ठरवणार! सर शास्त्राचे माणूस. दोन दिवस विचार करून त्यांनी लिहिलं, 'आधी सांगता न येणाऱ्या एका स्थानिक घटनेमुळे नमुने घेता आले नाहीत.'

दोन नंबरने उलट विचारलं, 'ही घटना कोणत्या घटकांवर अवलंबून असते? त्याचं मॉडेल द्यावं.'

मी हे वैतागून बापूंना सांगितलं. बापू जाळं विणत होते, मान वर न करता म्हणाले, "तेका जत्रेक येऊक सांग. रांगेत उभो रव म्हणा नि देवीकच विचार."

सरांनी उत्तरात लिहिलं, 'रिव्ह्यूअरांनी प्रत्यक्ष क्षेत्रभेटीस यावे, सर्व व्यवस्था केली जाईल.' त्यानंतर दोन नंबर चार महिने गप्प.

*

या चार महिन्यांत आई माझ्यापेक्षा जास्त खंगली. माझी चिडचिड, न जेवणं, कोणी "झाला का गो पेपर?" विचारलं की दार आपटून आत जाणं, हे सगळं तीच सोसत होती. शेवटी ती मला धामापूरला भगवतीच्या देवळात घेऊन गेली. गुरवकाकांना म्हणाली, "चेडवासाठी गाऱ्हाणा घालूचा आसा."

गाऱ्हाणं घालायचं तर आडवा येणारा कोण ते सांगावं लागतं. काकांनी नाव विचारलं. मी म्हटलं, "नाव नाही माहीत. दोन नंबर."

"गाव खयचो?"

"तेही माहीत नाही. बहुतेक परदेशात."

काकांनी हात जोडून सुरू केलं. "गे माये भगवती, ह्या तुझ्या लेकरान कायतरी लिवून धाडल्यान हा. तेच्या वाटेत जो कोण दोन नंबरचो, खयच्याय मुलखात बसलेलो आसात, तेची नदर सरळ कर गे माये!"

"व्हय म्हाराजा!" असं आईसकट देवळातली चार माणसं म्हणाली. लाजत लाजत मीही म्हणाले.

तुम्ही विश्वास ठेवा न ठेवा, पंधरा दिवसांत पत्र आलं. दोन नंबरने सपशेल माघार घेतली होती. 'लेखकांच्या उत्तरांनी समाधान झाले.' फक्त त्याच पत्रात एडिटरने लिहिलं होतं की दोघांची मतं फार वेगळी होती म्हणून पेपर आता तीन नंबरच्या रिव्ह्यूअरकडे पाठवला आहे.

आई तशीच देवळात गेली. गुरवकाका थोडे दुखावले. म्हणाले, "तिसरो आसा ह्या माका कोणी सांगूक नाय."

*

तीन नंबर बरा निघाला. एप्रिलच्या सुरुवातीला एडिटरचं पत्र आलं की आता एकच गोष्ट बाकी आहे. माहिती रापणीची, फोटो रापणीचे, तेव्हा रापणीच्या प्रमुखांचं संमतिपत्र सहीनिशी तीन आठवड्यांत पाठवा. मी उड्या मारत किनाऱ्यावर गेले. बापूंची सही म्हणजे घरचंच काम.

बापूंनी पत्र बाजूला ठेवलं. "आधी पेपर दाखव. नावां वाच."

मी वाचली. पहिलं माझं, दुसरं फिलूचं, तिसरं सरांचं, आणि घाईघाईत चौथं.

तुम्हाला रापणीचा कायदा सांगायला हवा. जो रशीला हात लावतो त्याला मासळीत वाटा. वाटेने जाणारा परका माणूस जरी ओढायला लागला तरी त्याला वाटा. आणि ज्याने हात लावला नाही तो तांडेलाचा सख्खा भाऊ असला तरी त्याला काही नाही. बापूंनी तोच हिशेब लावला. "तू ओढलंस. फिलून तुझ्या वांगडा ओढल्यान. सर छत्री घेवन उभे रवत, पण दोनदा रशी धरल्यानी, माका याद आसा. चलात. मगे ह्यो चौथो कोण?"

चौथे आमचे प्रिन्सिपॉलसाहेब. कॉलेजातून जाणाऱ्या प्रत्येक पेपरवर त्यांचं नाव असतंच, कोणी ठरवलेलं नाही, पण असतं. मी म्हटलं, "ते आमचे मोठे साहेब."

"रापणीर कधी दिसाक नाय," बापू म्हणाले आणि पत्र मला परत दिलं. "हात लावक नाय तेका वाटो नाय. तेचा नाव काढ, मगे सही करतंय."

नाव कसं काढणार? प्रबंध पुढे जातो तो साहेबांच्या सहीने. त्यांचं नाव ठेवलं तर बापू सही करेनात, काढलं तर साहेब करणार नाहीत. त्या दुपारी मी लॅबमागच्या पायरीवर बसून मनसोक्त रडले. फिलू शेजारी बसून राहिली, आणि सगळ्यात जास्त मला तेच बरं वाटलं.

मार्ग सरांनी काढला. ते साहेबांना जाऊन म्हणाले, "साहेब, रापणकरांची फार इच्छा आहे, आपल्या हस्ते एकदा रापण ओढावी."

साहेब आले. पॉलिश केलेले बूट, इस्त्रीचा सफारी, सोबत कॉलेजचा फोटोग्राफर. बूट हातात घेऊन वाळूत उतरले, रशी धरली, फोटो झाला. रशी सोडणार तेवढ्यात बापू म्हणाले, "सायबानू, फोटो झालो, आता ओढा."

मागेपुढे चाळीस माणसं, जाणार कुठे? साहेबांनी ओढली. खरंच ओढली, सफारी घामाने चिंब झाला. पण जाळं अर्ध्यावर आलं असेल, त्यांचा मोबाइल वाजला, आणि ते बोलत बोलत सुरूच्या झाडाखाली गेले ते मासळी वाळूत पडल्यावरच आले.

वाटे घातले. माझ्यापुढे बांगड्यांचा ढीग, फिलूपुढे तेवढाच, सरांपुढे तेवढाच. साहेबांपुढे बरोबर निम्मा.

"हे काय, आमच्यावर अन्याय?" साहेब हसत म्हणाले.

"अर्धी ओढलात, अर्धो वाटो," बापू म्हणाले. मग माझ्याकडे हात करून पेन मागितलं, संमतिपत्र होडीच्या फळीवर ठेवून सावकाश सही केली आणि कागद देताना म्हणाले, "सायबाचा नाव अर्धाच घाल गो."

सगळा किनारा हसला. सर्वांत मोठ्याने साहेब हसले आणि बांगडे पिशवीत भरून घेऊन गेले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं. तिसऱ्या आठवड्यात साहेबांच्या सहीने माझा प्रबंध जमा झाला, आणि पावसाळ्यात पेपर छापून आला. त्याचं पहिलं पान साहेबांनी फ्रेम करून केबिनमध्ये खुर्चीच्या मागे लावलं आहे. माझं नाव पूर्ण आहे, फिलूचं पूर्ण आहे, सरांचं वडिलांच्या नावासकट आहे.

चौथ्या जागी नुसतं आडनाव आहे.