जवस विकायचं राहिलं

कोरियात लढाई सुरू झाली आणि आमच्या कमलनगरात जवस महागलं. जहाजांच्या रंगाला जवसाचं तेल लागतं, एवढं कुणीतरी अप्पांना सांगितलं होतं. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर दुकान जवळजवळ बसलं होतं. ते भरून काढायला अप्पांनी आसपासच्या गावांतलं जवस घेऊन कोठा भरला. ते विकलं की मला सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेत शेवटच्या वर्षाला परत पाठवायचं ठरलं होतं.

सुट्टीत मी घरी होते. शनिवारच्या गाडीनं इंग्रजी पेपर आला, तो घेऊन मी दुकानात गेले. ओट्यावर चार माणसं बसली होती.

"लढाई हाय का संपली, तेवढं सांग," अप्पा म्हणाले.

"चालू आहे."

"मग ऱ्हाऊ द्या पोती," शेजारचे दुकानदार अण्णा हसले. "सायबाच्या शाळंतली लेक खोटं कशाला सांगंल?"

आतल्या पानावर मुंबईत तेलबियांचे भाव कोसळल्याची बातमी होती. ती मी मनात वाचली. पण चार माणसांत न विचारता बोलणं मला जमत नसे. पेपराची घडी घातली आणि आत आले. रविवारी दिवसभर अप्पांच्या मागेपुढे घुटमळले. सोमवारी सकाळी आईला, आमच्या अव्वाला, सांगितलं, तिनं लगेच अप्पांना.

"शनिवारी कामून सांगितली न्हाईस?"



"आत्ता गाड्या जुंपा," अव्वा म्हणाली. "सांजंपतोर उदगीर गाठतील."

"सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठिवू? बसवण्णाचा, नंदीचा वार हाय."

"मग भाड्याच्या आणा."

"भाड्याचा बैल बैल न्हाई का?"

मंगळवारी पहाटे गाड्या निघाल्या आणि बुधवारी भरलेल्याच परतल्या. सोमवारपर्यंत अडत्यांनी कमी भावात का होईना, घेतलं होतं. आता पोतं उघडून बघायलाही कुणी उठत नव्हतं. पुढं मृगाआधी पडेल त्या भावानं ते गेलं.

शाळेचा विषय कुणी काढला नाही. जूनमध्ये अव्वानं माझी शाळेची पेटी रिकामी करून तीत गोधड्या भरल्या.

भाव पुन्हा चढले, तरी अप्पांनी माल कधी साठवला नाही. सकाळी थोडंसंच घ्यायचे आणि संध्याकाळी विकायचे. हळूहळू शेतकरीही आम्हाला टाळून थेट उदगीरला जाऊ लागले. कुणी विचारलं तर अप्पा म्हणत, "सोमवार आडवा आला." शनिवारचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.