चार उभे स्क्रू

मिस्त्रींची हत्यारांची पेटी रविवारी संध्याकाळी जायची होती. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला त्यांनी तसा शब्द दिला होता, आणि मिस्त्रींचा शब्द म्हणजे आवळून बसवलेला नट. पेटी पुसून दाराशी ठेवलेली. येताजाता बायको तिला वळसा घालायची आणि दर वळशाला एक सुस्कारा टाकायची, तोही असा की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ऐकू जावा.

चौतीस वर्षं मिस्त्री इस्पितळाच्या दुरुस्तीखोलीत होते. तराजू, पंखे, रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवणारी यंत्रं, मोठ्या साहेबांचं घड्याळ, नर्सबाईंचा रेडिओ, समोर येईल ते उघडायचे. बिघडलेलं नसलं तरी उघडायचे. म्हणून नाव पडलं, उघडझाप मिस्त्री. त्यांची एक रीत होती. आधी पुठ्ठ्यावर यंत्राचं चित्र काढायचं आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवायचा. मिस्त्रींचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, त्यामुळे घरी आणलेल्या कामात पुठ्ठ्यावर नावं घालायची जबाबदारी बायकोची. 'डावा मोठा.' 'मधला झिजका.' आणि एकदा, भलत्याच जागी, 'जेवायला कधी उठणार?'

निवृत्तीनंतर उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरू नका. मिस्त्री घाबरले नाहीतच. पण शेजारच्या आजींच्या चष्म्याचा स्क्रू चिमट्यातून तीनदा निसटला आणि आजी अगदी मायेनं म्हणाल्या, "राहू द्या हो, मी दुकानात देते." त्या दिवशी पेटीचं झाकण लागलं ते लागलंच. त्याला आता वर्ष झालं होतं.

तर त्या रविवारी सकाळी दारातून लेकीचा प्रवेश झाला. प्रयोगशाळेत काम करते, चाळिशीला आली, पण घरात अजून टिकटिकच; पाचव्या वर्षी गजराचं घड्याळ उघडलं तेव्हापासूनची. काखेत दुलईत गुंडाळलेलं काहीतरी.

"बाबा, आमचा झुलता पाट बंद पडलाय. साहेबांना विचारून आणलाय. उद्या सकाळी लागणार."

दुलईतून एक चपटं यंत्र निघालं. वर ताटाएवढा पत्रा. त्यावर औषधाच्या बशा ठेवायच्या, बशीत तपासणीच्या पट्ट्या, आणि पाटानं तासन्‌तास सावकाश डुलत राहायचं, म्हणजे पट्टीला सगळीकडे सारखं औषध लागतं.

"कंपनीचा माणूस नाही का येत?"

"येतो ना. पंधरा दिवसांनी येतो आणि 'नवीन घ्या' सांगून जातो."

"मग घ्या नवीन. मी रिटायर झालो, टिकटिक. हातसुद्धा रिटायर झाला."

"तोंड तेवढं अजून नोकरीत आहे," आतून बायको म्हणाली.

मिस्त्रींनी नुसतं बघायचं म्हणून यंत्र उलटं केलं. खालच्या पत्र्याला चार स्क्रू. चारींच्या खाचा सरळ उभ्या, एका रेषेत, जणू कवायतीला उभे आहेत.

मिस्त्रींनी एका खाचेवरून अंगठा फिरवला. स्क्रू आवळून झाला की खाच उभी करायची, ही त्यांची खोड. बाकी जगाला त्याची गरज नसते. अख्ख्या आयुष्यात ही खोड त्यांनी एकाच माणसाला लावली होती, आणि ते माणूस आत्ता फारच लक्ष देऊन छताचा पंखा बघत होतं.

हे यंत्र नवीन असताना स्क्रू कसेही तिरके बसवलेले असणार. म्हणजे आपल्या घरातल्या कुणीतरी ते उघडलंय, आणि मग दोन बस बदलून इथवर वाहून आणलंय.

 मिस्त्री नुसतं म्हणाले, "पुठ्ठा आणा."

पेटी दाराशून उचलून टेबलापाशी आली आणि उघडली गेली. मोठे स्क्रू थरथरत्या हातानंही निघाले. पत्रा बाजूला केला तर आत रबरी पट्टा चाकावरून उतरवून शेजारी नीट ठेवलेला.

"पट्टा निसटलाय," मिस्त्री म्हणाले.

"अगंबाई! खरंच की!" टिकटिक म्हणाली. इतका वाईट अभिनय त्या घरात पूर्वी झाला नव्हता. बायकोनं पदर तोंडाला लावला.

पट्टा चढवला की काम फत्ते, दोन मिनिटांचं. पण मिस्त्री थांबले नाहीत. असं यंत्र त्यांच्या काळात इस्पितळात नव्हतं. मोटर गोल फिरते, मग पाट डुलतो कसा? त्यांनी एकेक तुकडा काढला, पुठ्ठ्यावर मांडला, बायकोनं नावं घातली. मोठ्या चाकाच्या मध्यापासून जरा बाजूला एक खुंटी होती, खुंटीत दांडा अडकवलेला, दांड्याचं दुसरं टोक पाटाला.

"बघ, बघ!" त्यांनी चाक बोटानं फिरवलं. "खुंटी मध्यावर असती तर पाट ढिम्म राहिला असता. मध्य चुकलाय, म्हणून डुलतोय. काय डोकं आहे!"

वर्षभरात एवढी वाक्यं ते एका दमात बोलले नव्हते. मायलेकी एकमेकींकडे बघेनात. बघितलं असतं तर दोघींचं बिंग फुटलं असतं.

मग मिस्त्रींचं बोट दांड्याच्या टोकाशी थबकलं. तिथं प्लॅस्टिकचं एक कडं होतं. गोल असायला हवं, ते झिजून अंड्यासारखं झालं होतं.

"हा महिनाभरात खरंच बंद पडला असता."

'खरंच' हा शब्द खोलीत जरा वेळ तसाच राहिला. टिकटिकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कडं झिजलंय हे तिला ठाऊकच नव्हतं.

मिस्त्रींनी कडं पाव फेरा फिरवून न झिजलेली बाजू भाराखाली आणली. आता उरली ती दांडा धरून ठेवणारी क्लिप, नखाएवढी. चिमट्यात धरली, हात थरथरला, क्लिप उडाली. बायकोनं झाडूनं कपाटाखालून काढून दिली. पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी चिमटा खाली ठेवला आणि दाराकडे, पेटीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

"बाबा, मी लावू?"

"तू गप्प बस," बायको म्हणाली. ती उठली, नवऱ्याच्या शेजारी बसली आणि त्यांचं मनगट आपल्या पंजाखाली टेबलावर दाबून धरलं, उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण धरावं तसं. "आता लावा. इतकी वर्षं फुकट नावं लिहिली का मी?"

थरथर होतीच, पण तिच्या पंजाखाली बारीक झाली. मिस्त्रींनी दम धरला. टक्.

पट्टा चढला, पत्रा बसला. पाटावर पाण्यानं भरलेली बशी ठेवून बटण दाबलं. पाणी या काठाला गेलं, त्या काठाला आलं, थेंब सांडला नाही. तिघंही बराच वेळ बघत बसले.

खालचे स्क्रू मिस्त्रींनी स्वतः आवळले. तीन उभे केले. चौथा मुद्दाम तिरका सोडला.

"पुढच्या वेळी असा ठेवायचा," लेकीकडे न बघता ते म्हणाले. "म्हणजे चोर सापडत नाही."

टिकटिकनं त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. हसत होती की रडत होती, ते खांद्यालाच माहीत.

संध्याकाळी गॅरेजवाला आला. "काका, पेटी?"

"शब्द मोडतोय, बाबा. माफ कर. पेटी कामात आहे."

तो डोकं खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "बरं झालं. माझ्याकडे हवेचा एक पंप पडलाय, काही केल्या दाब धरत नाही. आणू?"

मिस्त्री उत्तर देणार तोच आतून पुठ्ठा फाडल्याचा आवाज आला.