एका खोलीची दोन नावं

मी माझ्या सख्ख्या काकाच्या तोंडावर पोळपाट मारला. उलट्या हाताने, पूर्ण ताकदीने. त्याचे पुढचे दोन दात तुटून ओट्याखाली गेले आणि त्याचं रक्त काकूने मळून ठेवलेल्या कणकेवर उडालं. लाज वाटते का? वाटते. पण त्या क्षणी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आमची चाळ घाटकोपरच्या डोंगरावर. खोली आजोबांनी गिरणीत असताना घेतलेली. ते गेल्यावर दोघा भावांनी चाळीच्या रिवाजाप्रमाणे वाटणी केली, म्हणजे एक खाली आणि एक माळ्यावर. काकूचे गुडघे दुखतात म्हणून काका-काकू खाली राहिले आणि आम्ही लोखंडी शिडीने वर गेलो. आई गेल्यापासून माळ्यावर बाबा आणि मी, दोघंच. खोलीचा नंबर एकच, रेशनकार्डं मात्र दोन. चाळीत अशा सात खोल्या आहेत.

चाळ रिडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा कमिटीने बिल्डरशी वर्षभर भांडून एक गोष्ट कबूल करून घेतली. रेशनकार्ड वेगळं असेल तर माळ्यावरच्या कुटुंबालाही वेगळं घर. फक्त नाव यादीत पाहिजे. सोमवारी यादी बिल्डरच्या ऑफिसात जाणार, आणि तीत ज्याचं नाव नाही त्याला नवीन बिल्डिंगमध्ये घर नाही. इतकं सरळ होतं.

मी अंधेरीत मरोळला एका छोट्या कंपनीत पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत वेबसाइट बनवते. सेक्रेटरी म्हणाले, "अगं, तू आपल्या चाळीची पोरगी, यादी वेबसाइटवर टाकून दे ना. गावाला गेलेल्यांना पण दिसेल." मी म्हटलं, हा तर माझ्या हातचा मळ. कमिटीच्या वहीत दोन याद्या होत्या, एक खालच्यांची आणि एक माळ्यावरच्यांची. दोन्ही टाइप केल्या, एका ॲरेत भरल्या. ॲरे म्हणजे भिंतीवरची कप्प्यांची मांडणी समजा. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी लावायची, तिला आम्ही की म्हणतो. त्या चिठ्ठीच्या नावाने आत ठेवलेली वस्तू परत सापडते. मी की म्हणून खोली नंबर दिला. चाळीत माणसाला खोली नंबरानेच ओळखतात, मला दुसरं काही सुचलंच नाही.

पण एका कीच्या कप्प्यात एकच वस्तू राहते. त्याच कीवर दुसरी ठेवलीत की पहिली जाते. पीएचपी ओरडत नाही, लाल अक्षरात काही दाखवत नाही, पहिली वस्तू गपचूप फेकून देतं. आधी खालची यादी भरली गेली, मग माळ्याची. सातही खोल्यांत माळ्यावरच्याने खालच्याला बाहेर काढलं. पानावर मात्र सगळं झकास दिसत होतं. प्रत्येक खोलीसमोर एक नाव, एकही जागा रिकामी नाही. हे शिकवणीच्या पहिल्या आठवड्यात सांगतात, आणि मी आठ वर्षं हेच काम करते. आमच्या खोलीत दोन चुली पेटतात हे मला माहीत नव्हतं असं तर नाही ना!

रविवारी सकाळी सेक्रेटरींनी त्या पानाची प्रिंट काढून कमिटीच्या बोर्डावर लावली; दुसऱ्या दिवशी बिल्डरकडे तीच जाणार होती. मी आणि बाबा माळ्यावर पोहे खात होतो. बाहेरून आधी काच फुटल्याचा आवाज आला. मग शिव्या. कोणीतरी सेक्रेटरींना बोर्डावर ढकललं होतं. कोपऱ्यातल्या खोलीत सासू-सून एकमेकींच्या झिंज्या धरून दारात आल्या, कारण सून माळ्यावर राहायची आणि यादीत फक्त तिच्या नवऱ्याचं नाव होतं. नळावरच्या बादल्या उडायला लागल्या. मी म्हटलं, पाण्यावरून लागली असेल, दर रविवारी लागते.

तेवढ्यात काका आत आला. मी त्याचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता. "दादा! खाली उतर! माजा नाव खंय हा? तुज्या पोरीन माजा नाव काढल्यान!"

बाबा म्हणाले, "अरे, काय बोलतोस तू?" आणि शिडीवर पाय ठेवला. काकाने खालून शिडी धरली आणि गदागदा हलवली. मला वाटतं, त्याला फक्त घाबरवायचं होतं. पण शिडीचा वरचा आकडा निसटला आणि बाबा वरून आडवे कोसळले. त्यांचं डोकं ओट्याच्या कडप्प्यावर आपटलं. तो आवाज मी वरून ऐकला.

मी उडी मारली. काकू चपात्या लाटत होती. तिच्या पुढ्यातला पोळपाट ओढला, चपाती जमिनीवर पडली, आणि पुढचं मी सांगितलंच आहे. एकदा मारून थांबले असते तर गोष्ट वेगळी. दुसऱ्यांदा मारला तो त्याने हातावर झेलला, तिसरा खांद्यावर बसला. हाच काका माझा पहिला सेकंडहँड कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन डोंगराच्या पायऱ्या चढला होता. मारताना हे आठवलं नाही. मी ओरडत होते, "मारलंस ना माझ्या बापाला, मारलंस ना!" काकूने मागून माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं तेव्हा मी थांबले. बाबा जमिनीवर बसून एका हाताने डोकं धरून सांगत होते, "पुरे गं. पुरे." रक्त त्यांच्या कोपरावरून गळत होतं.

दोघांना एकाच रिक्षातून पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. बाबांना नऊ टाके, मनगट मोडलेलं. काकाच्या ओठाला पाच टाके. हवालदार आला आणि विचारायला लागला. बाबा म्हणाले, शिडीवरून पडलो. काका सुजलेल्या तोंडाने म्हणाला, मीपण शिडीवरून पडलो. हवालदार म्हणाला, "दोघं भाऊ एकाच शिडीवरून? वा!" आणि वही मिटून गेला. मी तिथेच उभी होते, माझ्या गाऊनवर दोघांचंही रक्त होतं. मला कोणी काही विचारलं नाही.

मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. चूक शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खोली नंबरपुढे "खाली" नाहीतर "माळा" जोडून नवी की केली, आणि सातही नावं परत आली. दोन ओळींचं काम. मी लॅपटॉपचं झाकण इतक्या जोरात आपटलं की स्क्रीनला तडा गेला. मग नव्या यादीची प्रिंट घेऊन चाळभर फिरले, प्रत्येक दारात उभी राहून म्हटलं, चूक माझी आहे. काहींनी शिव्या दिल्या. त्या सासूने यादी माझ्या तोंडावर फेकली. सोमवारी बरोबर यादी गेली. काकाचं घर वाचलं.

मंगळवारी मी माळ्यावरून खाली उतरून त्याच्या खाटेजवळ जाऊन बसले. त्याला यादीतलं नाव दाखवलं. कप्पे, चिठ्ठ्या, एकाच कीवर दोन वस्तू, सगळं सांगितलं. "काका, मी मुद्दाम नाही रे केलं. मशीनने तुझं नाव पुसलं."

"मशीन नावां खाता?" तो म्हणाला. टाक्यांमुळे त्याला नीट बोलता येत नव्हतं. "मगे तुज्या बापाशीचा कसा नाय खाल्ल्यान?"

"त्यांचं नंतर भरलं म्हणून. बाकी सहा खोल्यांत पण तसंच झालं ना."

त्याने यादीवर बोट ठेवून त्या सहाही खोल्या वाचल्या. मला वाटलं, पटलं त्याला. काकूनेही चहा टाकला होता.

मग त्याने विचारलं, "यादी लावच्या आधी तू बघितलेलंस?"

"हो."

"काय बघितलंस?"

खोटं बोलता आलं असतं. सगळी नावं बघितली, नजरचूक झाली, असं म्हटलं असतं तर त्याने मानलं असतं. पण समोर त्याचं ते तोंड होतं.

"आपली खोली बघितली," मी म्हटलं. "बाबांचं नाव होतं. मग बंद केलं."

"आणि माजा?"

"तुझं शोधलंच नाही मी, काका."

त्याने यादीची घडी घालून ती माझ्या हातात परत दिली. "जा," तो म्हणाला, "बापाशीक बघ जा. तेकाच बघतंस ना तू."