मुलगी वर्गात का बोलत नव्हती

आज मुलीची टीसी मागायला शाळेत गेलो होतो. पांढुर्ण्याच्या हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेतलं तिचं हे पहिलं वर्ष. वर्षभर एकच तक्रार येत होती, मुलगी वर्गात तोंडच उघडत नाही. घरी तर ती क्षणभर गप्प बसत नाही. म्हणून माझा सगळा राग शाळेवर.

तिच्या वर्गाच्या मॅडम हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी तिला माझ्यासमोरच विचारलं, "बेटा, क्लास में चुप क्यों रहती हो?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सांग ना, मॅडम विचारून राहिल्या."

"मराठीत सांगू? पहिल्या दिवशी तुम्हीच तं म्हणलं होतं बाबा, शाळेत हिंदीच बोलायचं, नाही तं पोरं हसतात. मले हिंदी बोलताच येत नाही."

मॅडमना तेवढी मराठी कळली. त्या हसून म्हणाल्या, "मराठी में ही बोलो, मैं सीख लूँगी."

मग पोरगी जी सुरू झाली, ती सुट्टीची घंटा झाली तरी थांबेना. टीसी न मागताच परत आलो. वर्षभराचं ओझं उतरलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी तुम्ही मुलांना काय बजावलं होतं? एकदा त्यांनाच विचारून पाहा.